गुरुपादप्पाचा डावा तळहात

१

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मलप्पाची आडत होती, आणि तिथं रोज सगळ्यांच्या आधी उठणारा माणूस म्हणजे दिवाणजी गुरुपादप्पा. साल दुष्काळाचं. आडतीत माल कमी आणि माशा जास्त. तांब्याभर पाण्यात तो तोंड, हात, पाय आणि उरलंच तर अंगही उरकायचा, कपाळावर भस्माचे पट्टे ओढायचा, गळ्यातली चांदीची डबी उघडून आतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचा आणि डोळे मिटून बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणूस आहे.

डोळे मिटून तो मनात म्हणायचा ते मात्र एवढंच : मी शेषेराव. बायको सिंधु. पोरगी गोदा. घर नांदेडला.

हा शेषेराव फौजदार होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांच्या तोंडचं धान्य पोत्यापोत्यांनी राज्याच्या सीमेपलीकडे जात होतं, आणि ते जाऊ देणाऱ्यांत खाकीवालेही आहेत असा वास साहेब लोकांना आला होता. म्हणून कुठल्याच ठाण्याला कळू न देता एका खास पथकानं त्याला लिंगायत दिवाणजी करून मोंढ्यात सोडला. त्याचं खरं नाव ठाऊक होतं ते फक्त पथकाच्या अमृतराव साहेबांना. हजेरीतून नाव काढलेलं. सिंधुला सांगितलेलं की नवरा लांब ट्रेनिंगला गेलाय, पत्र येणार नाही. नाव फुटलं की माणूस जिवंत परत येत नाही, हे साहेबांनी त्याला नीट समजावलं होतं. समजावण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकच गोष्ट लपवायला अवघड होती. लहानपणी माळेगावच्या जत्रेत तो हरवला होता. सापडल्यावर आईनं घाबरून तिथल्या तिथं त्याच्या डाव्या मनगटाच्या वर नाव गोंदवून घेतलं, पुन्हा हरवला तर कुणीतरी घरी आणून सोडावं म्हणून. हिरवी, वाकडी अक्षरं, शेषेराव. त्यावर तो वैशाखातही पूर्ण बाहीचा सदरा चढवायचा आणि मोंढ्यातले हमाल त्याला हसायचे.

एका सकाळी पूजेसाठी त्यानं डावी मूठ उघडली तर तळहाताला माती लागलेली होती. काळी आणि ओली. तो ती बराच वेळ बघत बसला. गावातल्या विहिरींनी होळीच्या आधीच तळ दाखवला होता, नळाला घरघर सोडून काही येत नव्हतं. अख्ख्या मोंढ्यात ओली म्हणावी अशी माती नव्हती. रांजणाखाली हात गेला असेल, असं म्हणून त्यानं तो धोतराला पुसला. मग आठवलं, की रांजण तर केव्हाच पालथा घातलेला आहे.

२

मलप्पाची आई सिद्धम्मा आडतीच्या दारात रिकाम्या पोत्यांवर बसून असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पायरव ऐकून माणूस ओळखायची. म्हातारी घरात कानडी बोलायची. तिनं “बा” म्हणजे ये अशी हाक मारली, की गल्ल्यावरून मलप्पा “बंदे, अव्वा” म्हणायचा, आलो. शेषेरावाला कानडीचं अक्षर येत नव्हतं. आपण अंबाजोगाईकडचे, तिकडच्या लिंगायतांची कानडी कधीच सुटली, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि ते खपूनही गेलं होतं.

म्हातारीनं त्याला एकदा जवळ बोलावलं आणि मराठीत विचारलं, “गुरुपादप्पा, पाय बरा झाला का रे तुझा?”

त्याच्या पायाला काहीच झालेलं नव्हतं. तो हसून तसं म्हणाला.

“न्हाई कसं,” ती म्हणाली. “उजवा पाय वढत चालायलास. दोन वर्सं कुठं होतास? सांगून जायचं तरी.”

मलप्पानं नंतर त्याला बाजूला घेऊन समजूत घातली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे याच नावाचा एक दिवाणजी होता, खडीच्या ट्रकवरून पडून त्याचा पाय दुखावला होता, आणि एक दिवस तो न सांगताच निघून गेला. म्हातारी आता सगळ्यांची खिचडी करते, मनावर घेऊ नका. शेषेरावानं घेतलं नाही. ह्या भागात दगड मारला तर गुरुपादप्पाला लागेल, इतके गुरुपादप्पा. साहेबांना तेच नाव सुचलं, त्यात नवल काय?

पण संध्याकाळी दुकानाची फळी लावताना त्यानं आपल्या पावलांकडे कान दिला. एक पाऊल पडत होतं, आणि दुसरं मागून घासत येत होतं. चप्पल झिजली असेल म्हणून त्यानं चपला काढून पाहिल्या. दोन्ही सारख्या होत्या. अनवाणी चालला, तरी घासल्याचा आवाज आलाच.

३

त्याच आठवड्यात मोंढ्यातले म्हातारे बसलिंगप्पा गेले. दिवाणजी लिंगायत, त्यामुळे मातीला जाणं भाग होतं. शेषेरावानं आजवर प्रेतं पुष्कळ पाहिली होती, पण असं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारबुवांना फुलांच्या मखरात मांडी घालून बसवलेलं, जणू पंगतीत वाढायची वाट बघताहेत. खड्ड्यातही बसवूनच उतरवलं. मग जंगम स्वामींनी त्यांच्या गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि तो हात छातीशी आणला.

सिद्धम्मा त्याच्याच दंडाला धरून उभी होती. तिनं त्याला हलक्या आवाजात सांगितलं, की लिंग माणसाबरोबरच जातं, मागं राहत नाही. ज्याचं राहिलं त्याचा हात मातीत उघडाच राहतो.

शेषेरावाचा हात आपसूक छातीवरच्या डबीकडे गेला. ती डबी त्याला अमृतरावांनी दिली होती. दोरा जुना होता, तरी गळ्यात घातल्याबरोबर बरोब्बर जागेवर बसला होता, गाठसुद्धा सरकवावी लागली नव्हती. तेव्हा त्याला त्याचं कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालाचं निमित्त काढून तो लातूरला गेला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या थाटलेल्या, जुन्या जिल्ह्यातून आलेले कागदाचे गठ्ठे अजून सुतळीत बांधलेले, कुणाची खोली कुठली हे शिपायालाही धड माहीत नाही. अमृतराव मागच्या दारानं त्याला भेटले. डबी कुठली, हे विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले.

मुद्देमालाच्या खोलीतून काढली होती, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी तोगरहाळच्या शिवारात एका कोरड्या विहिरीत प्रेत सापडलं, गळ्यात ही डबी. चांदीची म्हणून जमा करून घेतली. वारस कुणी आलं नाही. बाजारात नवी घेतली असती तर कुणाच्या तरी नजरेत आली असती. जुनी, घासलेली बरी. साहेबांना आपल्या हुशारीचं समाधान वाटत होतं. लिंगायतात कुणाचं लिंग कुणी घालत नसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि शेषेरावालाही कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

“पुरला कसा त्याला?” शेषेरावानं विचारलं.

“आडवा. अजून कसा पुरतेत? विहिरीच्या बाजूलाच.”

शेषेराव म्हणाला, मला परत घ्या. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोडंच राहिलंय, ते म्हणाले, आता उठलास तर सगळ्यावर पाणी पडेल. “आन् तुझं नाव मी कागदावर ठेवलंच न्हाई. इथं हाय.” त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. “ह्याच्याहून सुरक्षित जागा न्हाई.”

त्या कपाळावर घाम होता. एवढ्याशा जागेत आपण अख्खेच्या अख्खे राहतो, हा विचार घेऊन शेषेराव परतीच्या एस.टी.त बसला.

४

मूठ आता रोज सकाळी ओली असायची. झोपेत डावा हात उताणा पडलेला, बोटं ताणून उघडलेली, दुपारपर्यंत त्यात जीव नसायचा. आणि पूजेला बसून मी शेषेराव म्हणताना मध्येच अडखळायला व्हायचं, जसं परक्याच्या घरात अंधारात पायरी चुकते. एक दिवस त्याला पोरीचं नाव आठवायला वेळ लागला. तेव्हा मात्र तो घाबरला. नियम गेला खड्ड्यात म्हणून त्यानं सरळ नांदेडची गाडी धरली.

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आपल्या दारासमोर उभं राहून त्यानं कडी वाजवली, आणि सिंधु बाहेर आली. ती वाळली होती. त्याला वाटलं, धावत जाऊन तिचा हात धरावा. पण तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्याच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं आणि विचारलं, “काय पायजे, अप्पा?”

क्षणभर त्याला तिचं कौतुक वाटलं. शेजारी ऐकतील म्हणून सोंग वठवतेय, फौजदाराची बायको शोभते. तो हळूच म्हणाला, सिंधु, मी आहे. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीच उमटलं नाही. उमटली ती आशा, आणि ती बघणं जास्त वाईट होतं.

“तुमी त्यांच्याकडून आलाव का? काही निरोप हाय का त्यांचा?” ती उंबऱ्याच्या बाहेर आली. “ट्रेनिंगला म्हणून गेलेत. दोन वर्सं व्हतील आता. कचेरीत इचारलं तर कोणी काहीच बोलून न्हाई राहिलं.”

तो संक्रांतीनंतर निघाला होता. आत्ता वैशाख होता.

घरातून एक मुलगी आली आणि आईच्या मागं उभी राहिली. गोदा त्याच्या कमरेएवढी होती. ही आईच्या खांद्याला लागत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं आणि आईला विचारलं की हे लंगडतात का.

शेषेरावानं डाव्या हाताची बाही वर सारली. हात तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, हे बघ, वाच. सिंधुनं पाहिलं. मग त्यानंही पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी स्वच्छ होती, कधी सुईसुद्धा न टोचल्यासारखी.

सिंधुनं आतून त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. दुष्काळात परक्या माणसाला दिलेलं ते पाणी त्यानं थेंब न सांडता पिऊन टाकलं. उन्हाचं कुठं फिरता, सावलीला बसा जरा, असं ती मायेनं म्हणाली, आणि ते भेटले तर सांगा की पोरगी सारखी विचारते. तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

५

आता उरलं होतं साहेबांचं कपाळ. तो तडक लातूरला गेला.

तीच खोली होती, पण सुतळीत बांधलेले गठ्ठे आता कपाटात लागले होते आणि भिंतींचा रंग वाळून जुना झाला होता. अमृतरावांचे कानशिलावरचे केस पांढरे दिसत होते. त्यांनी वर पाहिलं आणि अनोळखी माणसाला बसवतात तसं त्याला बसवलं. नाव काय, विचारलं. त्यानं सांगितलं, शेषेराव. फौजदार शेषेराव.

अमृतराव उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. त्यांचा आवाज खाली आला होता.

“हे नाव तुमाला कुणी सांगितलं?”

तो बोलत राहिला. आई, माळेगाव, सिंधु, गोदा, डबी, सगळं. साहेबांनी ते मान खाली घालून ऐकलं. त्यांना गलबलून आलं होतं हे स्पष्ट दिसत होतं, आणि तेच शेषेरावाला सहन होईना, कारण त्यातलं काहीच त्याच्यासाठी नव्हतं.

मग ते म्हणाले, की तोगरहाळच्या विहिरीत सापडला तो त्यांचाच माणूस होता. गुरुपादप्पा म्हणून त्यांनीच त्याला आत पाठवलेला. कुणीतरी त्याला ओळखलं आणि ढकलून दिलं. ठाण्यातल्या लोकांसमोर तो आमचा, असं म्हणता येईना. म्हटलं असतं तर पुढची सगळी माणसं उघडी पडली असती. म्हणून बेवारस दाखवला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. “तपास बी बंद झाला. धान्य तर लोकांनी कवाच खाल्लं. आता सांगू तरी काय तिला?”

“साहेब, तो मी न्हाई. मी हितं बसलोय.”

अमृतरावांची नजर त्याच्या छातीवर आली आणि तिथंच थांबली. ही डबी मुद्देमालाच्या खोलीतून गेली होती, ते सावकाश म्हणाले. ती तुमच्या गळ्यात कशी? त्यांचा हात टेबलावरच्या घंटीकडे सरकला. शेषेराव पाय ओढत, जमेल तेवढ्या घाईनं बाहेर पडला.

रस्त्यावर टँकरभोवती बायकांची झुंबड उडाली होती, घागरी वाजत होत्या. त्या आवाजात उभं राहून त्यानं फौजदारासारखा विचार करायचा प्रयत्न केला. साहेब म्हणतात खड्ड्यात शेषेराव आहे. मग खड्डा उकरून पाहावा. दोन वर्षांत मातीत हाडंच उरतात. पण हाडांना थोडी कातडी चिकटून राहिली असेल, तर त्या हातावर नाव नसणार, कारण नाव माझं आहे. नाव नसलं, की तो कुणीतरी दुसरा. मग ज्याचं लिंग त्याच्या हातात द्यायचं, माती लोटायची आणि घरी जायचं. विचार पक्का होता. त्याला धरूनच तो उदगीरला पोचला.

६

तोगरहाळला मलप्पाचं रान होतं. शेताकडे चक्कर मारून येतो म्हटल्यावर मलप्पानं बैलगाडी दिली, आणि दारातल्या पोत्यांवरून सिद्धम्मा उठली. मलाबी यायचंय, म्हणाली. मलप्पानं उन्हाचं कारण सांगून पाहिलं, पण तिनं भस्माचा बटवा कनवटीला लावला होता आणि पाण्याचा तांब्या हातात घेतला होता.

विहिरीच्या काठावर एकच बाभूळ होती. तिथं तिला बसवून तो कुदळ घेऊन पुढं गेला. जागा शोधावी लागली नाही. सगळं रान भेगाळून पांढरं पडलेलं, आणि विहिरीच्या पलीकडे माणसाच्या लांबीचा एक पट्टा काळा दिसत होता. “तुझं काम उरकून ये,” म्हातारी मागून म्हणाली. “मी हाय हितं.”

ऊन डोक्यावर होतं. कुदळीचा पहिला घाव बसला तेव्हाच ओल लागली. रोज सकाळी मुठीत असायची तीच माती, तोच गार वास. तो गुडघ्यावर बसून हातांनी उकरू लागला. मनात पुन्हा म्हणू लागला, मी शेषेराव, बायको सिंधु, आणि पुढं आलं नाही. पोरगी होती. तिनं विचारलं होतं, हे लंगडतात का. नाव मात्र येईना. रडू आलं तसं त्यानं उकरण्याचा जोर वाढवला.

फार खोल जावं लागलं नाही. आधी बोटं लागली.

हात कोपरापर्यंत वर आला होता, उताणा, बोटं ताणून उघडलेली. तळहात रिकामा. मातीत माणसाचं काय होतं हे त्याच्यातल्या फौजदाराला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांत काही राहत नाही. हा हात राहिला होता. नुसता राहिला नव्हता. ऊब नव्हती एवढंच.

त्यानं तांबड्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रानात कुणी नव्हतं. मग धोतराच्या सोग्यानं त्यानं मनगटाच्या वरची माती पुसली. एकदाच पुसली, हळू.

हिरवी अक्षरं होती. वाकडी, घाईत गोंदलेली, हरवलेल्या पोराला कुणीतरी घरी आणून सोडावं म्हणून.

त्यानं पुढं उकरलं नाही. चेहरा बघायचा नव्हता. त्याला त्या कुणाच्या तरी हाताची फार दया आली. एवढं नाव लावून सुद्धा ह्याला कुणी घरी नेलं नाही. त्यानं गळ्यातला दोरा काढला, डबी उघडली आणि लिंग त्या तळहातावर ठेवलं. बोटं सावकाश मिटली. आपल्या छातीवर आता काहीच नाही हे त्याला कळलं, आणि पाठोपाठ हेही कळलं, की आजपासून रिकामा हात आपला आहे.

माती लोटताना त्याचा डावा हात काही केल्या मिटेना.

बाभळीखालून म्हातारीनं कानडीत हाक दिली, “बा, गुरुपादप्पा.”

तो उठला. उजवा पाय ओढत बाभळीकडे चालू लागला. नांदेडला दारात एक बाई कुणाच्या तरी निरोपाची वाट बघत उभी आहे, एवढं त्याच्या मनात आलं, आणि बिचारीला कुणीतरी सांगायला हवं असं वाटलं. मग तेही गेलं.

“बंदे, अव्वा,” तो म्हणाला.